रसिकाची बाटली आणि मजुराची बाटली

२०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका स्पर्धेत हरियाणातील एका आसवनीची व्हिस्की सर्वश्रेष्ठ ठरली आणि आपल्याकडील वृत्तपत्रांनी ती वार्ता ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाच्या थाटात छापली. त्या व्हिस्कीचे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे : ‘इंद्री दिवाळी कलेक्टर्स एडिशन’. ज्या सणाला आजवर पणत्या, अनारसे, उटणे आणि सालदाराचा नवा सदरा एवढ्यांचीच संगत होती, तो सण आता बाटलीवरच्या चिठ्ठीवर विराजमान झाला आहे. आषाढी अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस, दीपपूजनाचा दिवस. तिची ‘गटारी’ करून झालीच होती. दिव्यांचा उरलेला सणही त्याच वाटेने निघाला असेल, तर त्यात आश्चर्य ते काय!

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे काही मद्यरसिकांच्या नकाशावरील गाव नव्हे. सिंदखेडराजा तालुक्यातले, पलसिद्धांच्या मठाचे आणि प्रल्हाद महाराज रामदासींच्या समाधीचे हे गाव. परंतु दिवाळीला पुण्या-मुंबईहून नोकरदार मुले गावोगाव परततात, त्यांच्या पिशव्यांतून विमानतळावर घेतलेल्या बाटल्या येतात, आणि मग शेतातल्या नव्या बंगलीच्या गच्चीवर त्या ओळीने मांडल्या जातात. थोडी थोडी ओतून घ्यायची, पेला उजेडाकडे धरायचा, एकीत धुराचा वास आहे, दुसरीत मनुक्यांचा, तिसरी जिभेवर रेंगाळते, असा तौलनिक अभ्यास करायचा. असल्या बैठका आता साखरखेर्ड्यासारख्या गावांनाही अपरिचित उरलेल्या नाहीत. नाताळ आणि ३१ डिसेंबर येईपर्यंत हा अभ्यास चालू राहतो. त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला सोयाबीन सोंगून आलेला मजूर देशीची क्वार्टर उभ्या उभ्या घशात ओततो. तो चव पाहत नाही. त्याला चव असते, हेच कोणाच्या गावी नाही. गच्चीवरच्या मनुष्याला समाज ‘शौकीन’ म्हणतो आणि दुकानापुढच्याला ‘दारुडा’. प्रश्न या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

या रसिकतेचा कैवार घेणारे जे युक्तिवाद करतात, त्यांतील बरे ते आधी मान्य केले पाहिजेत. चवीने पिणारा बेताने पितो, असे ते म्हणतात. एक पेग घेऊन दोन तास गप्पा मारणाऱ्यामुळे कोणाचे घर उद्ध्वस्त होत नाही, हे खरे. या उद्योगात खरे कसबही आहे. बंगळूरच्या ‘अमृत’ आसवनीने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली आणि २०१० च्या आपल्या ग्रंथात जिम मरे या इंग्रज समीक्षकाने तिच्या ‘फ्यूजन’ला जगात तिसरे स्थान दिले. ही आसवनी १९४८ साली जगदाळे कुटुंबाने उभी केली. स्कॉटलंडच्या थंडीत ओक लाकडाच्या पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळूरच्या हवेत दहा टक्क्यांहून अधिक. या नुकसानीशी झगडत ज्यांनी चांगला माल काढला, त्यांच्या कारागिरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. नैतिक सात्त्विकतेचा आव आणून प्रत्येक पेल्यावर तुटून पडणाऱ्यांनी या प्रश्नाचे फारसे भले केले आहे, असेही नाही.

परंतु ही झाली मूठभर बाटल्यांची गोष्ट. भारतात ‘व्हिस्की’ म्हणून जे विकले जाते, त्याचा फार मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. त्यात थोडी माल्ट, थोडा स्वाद आणि जळक्या साखरेचा रंग घातला की तो व्हिस्की होतो. स्कॉटलंडच्या कायद्याने किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरल्याशिवाय त्या नावाचा उच्चारही करता येत नाही. मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकण्यास युरोपीय संघात मनाई आहे. येथे मात्र तीच मळी, तोच मद्यार्क एका बाटलीत ‘संत्रा’ होतो आणि दुसऱ्या बाटलीत इंग्रजी सरदारांची, घोड्यांची, किल्ल्यांची नावे धारण करून ‘विदेशी’ होतो. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या रणांगणावर मुबारिजखानाला मारून निजामाने दख्खनची सत्ता हाती घेतली आणि विजयाच्या आनंदात गावाचे नाव फत्तेखेर्डा केले. तीनशे वर्षे झाली. गाव साखरखेर्डाच राहिले. चिठ्ठी बदलल्याने आतला ऐवज बदलत नाही, हे या गावाला कोणी शिकवायला नको.

साखरेचा विषय निघालाच आहे. याच तालुक्यात दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. तो अनेक वर्षांपूर्वी बंद पडला. पंचक्रोशीतल्या सभासदांच्या भागभांडवलाचे स्वप्न तेथे गंजत पडले. साखर गेली आणि मळी तेवढी परत आली, तीही परजिल्ह्यातून, बाटलीत बंद होऊन, सरकारी मोहोर लावून.

आता किमतींकडे वळू. गच्चीवरचे रसिक दोन बाटल्यांची तुलना करताना किमतीलाच गुणवत्तेची खूण मानतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय त्यांनी वाचलेला दिसत नाही. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत उत्पादनखर्च जाहीर केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क त्या निर्णयाने उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. म्हणजे आत जे काही आहे त्याचा खर्च एक, आणि सरकारचे शुल्क साडेचार! या बाटल्यांची तुलना करणारा मुख्यतः करांची तुलना करीत असतो. मनुक्याचा म्हणून जो वास त्याला येतो, त्यात राज्याच्या तिजोरीचा दर्प अधिक आहे. त्याच निर्णयाने १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, विदेशीसाठी २०५ आणि उंची विदेशीसाठी ३६० ठरली. शिवाय धान्यापासून काढलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाच्या नव्या वर्गाला १४८ रुपयांची पायरी मिळाली. वर्णाश्रमाची उतरंड दारूच्या दुकानात इतक्या चोख हिशेबाने कधी मांडली गेली नसेल. या साऱ्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये अधिक मिळावेत, अशी सरकारची अपेक्षा होती.

८० रुपये ऐकायला थोडे वाटतात. २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या मजुरीचा महाराष्ट्रातील दर ३१२ रुपये ठरला होता. दोन क्वार्टर घेतल्या की निम्म्याहून अधिक मजुरी दुकानात राहते. उरलेल्यात घरातली बाई तेल, मीठ, पोराची वही आणि सावकाराचा हप्ता बसवते. हा हिशेब गच्चीवर कोणी मांडीत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. त्या आत्महत्यांची कारणे सांगताना शेतकऱ्याच्या व्यसनाकडे बोट दाखवणारे पुढारी निघाले. भावाबद्दल विचारले की तेच पुढारी गप्प. आणि व्यसनाचा पुरवठा करणारा परवाना कोणाच्या सहीने निघतो, हे तर विचारायचेच नाही.

विलायती मालाच्या बाबतीत मात्र सरकारचे हृदय लोण्यासारखे वितळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केले. तस्करी थांबावी, इतर राज्यांशी दर जुळावेत, अशी कारणे सांगितली गेली. पुढे जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात केंद्राने स्कॉचवरची १५० टक्के आयात जकात आधी ७५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के करण्याचे कबूल केले. सोयाबीनला हमीभाव मिळत नाही म्हणून बाजार समितीत बसकण मारणाऱ्या शेतकऱ्याला तिजोरीच्या मर्यादा समजावून सांगणारे हेच राज्यकर्ते. गच्चीवरची चौथी बाटली स्वस्त झाली पाहिजे, एवढ्या एका बाबतीत मुंबईतले आघाडीचे सरकार आणि दिल्लीतले त्याच्या विरोधकांचे सरकार यांच्यात अद्वैत होते.

आणि हे सारे शेतकऱ्याच्या नावाने! २००७ साली ज्वारी, बाजरी आणि मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याची योजना राज्याने आणली, तेव्हाही पावसात काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असेच सांगितले गेले. डॉ. अभय बंग आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्या धोरणाविरुद्ध रान उठवले. ज्या राज्यात पोरे कुपोषणाने मरतात तेथे धान्याची दारू करण्यासाठी सरकारी पैसा का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. परवाने मिळालेल्यांत पुढाऱ्यांच्या आप्तांची किती गर्दी होती, हे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा द्राक्षबागायतदार पुढे करण्यात आला. शेतकरी हा या राज्यात मद्यसम्राटांचा अंगरखा झाला आहे. ऊन लागले की घालायचा, काम झाले की खुंटीला टांगायचा.

या राज्यात कायद्याने अजूनही दारूबंदी आहे, असे सांगितले तर गच्चीवरचे तरुण हसतील. परंतु १९४९ चा कायदा आजही पुस्तकात आहे. विदेशी मद्य पिणाऱ्याने परवाना घेतला पाहिजे, आणि तो परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो! एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. देशीचा दोन रुपयांत. १९७२ च्या दुष्काळात याच मराठी मुलखातील लाखो माणसे खडी फोडत होती. १९७३ मध्ये देशी दारूचे नवे नियम आले आणि सरकारमान्य दुकाने गावोगाव रुजली. दारूबंदीचा कायदा रद्द करण्याची हिंमत नाही आणि पाळण्याची इच्छा नाही, असा हा पन्नास वर्षांचा संसार आहे. नाताळात आणि वर्षअखेरीस, २४, २५ आणि ३१ डिसेंबरला, मद्यविक्रीची वेळ पहाटेपर्यंत वाढवण्याचे आदेश गृहखाते नेमाने काढते. २००४ च्या अशाच डिसेंबरअखेरीला विक्रोळीत विषारी दारूने ८७ माणसे मेली आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर. मेलेल्यांत गच्चीवरचे कोणी नव्हते.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. परकीय सरकारला महसूल हवा होता, म्हणून दुकाने वाढत होती. स्वकीयांच्या राज्यात महसुलाची ती भूक कमी व्हायला हवी होती. झाले मात्र उलटेच.

या कोंडीत सरकारने बायांच्या हाती दिलेले एकच हत्यार आहे, ते म्हणजे ‘आडवी बाटली’. मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर दुकान ठेवावे की बंद करावे यावर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली असते. पण मेख पुढे आहे. झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही; यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. ऊसतोडीला गेलेली, कापूस वेचायला दुसऱ्या तालुक्यात गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, एवढेच नव्हे तर मरून गेलेली आणि यादीत उरलेली, या साऱ्या जणी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात! हीच कसोटी विधानसभेला लावली तर किती आमदार सभागृहात बसू शकतील? झालेल्या मतांच्या बहुमतावर जे सरकार राज्य करते, त्याने दारूच्या दुकानाला त्याहून अवघड तटबंदी बांधून द्यावी, यातच या धोरणाचा सारा आशय आला.

दुकान बंद झाले की हातभट्टी लागते, हा आक्षेप खोटा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवताना हेच कारण पुढे झाले. पण हातभट्टी पोलीस पाटलाला, बीट जमादाराला आणि उत्पादन शुल्काच्या निरीक्षकाला दिसत नाही, हे कोणत्या गावात खरे आहे? ज्या खात्याला साडेचारपट शुल्काचा पै न् पै हिशेब लागतो, त्याला ओढ्याकाठचा धूर दिसू नये!

साखरखेर्ड्यात येत्या २६ जानेवारीला इतर गावांप्रमाणे ग्रामसभा भरेल. वर्षअखेरीच्या तीन लांबलेल्या रात्री तोवर उलटून गेलेल्या असतील. त्या सभेत बायांनी दोन कागद मागावेत : गेल्या वर्षी गावच्या हद्दीत किती लिटर दारू विकली गेली याचा उत्पादन शुल्क खात्याचा आकडा, आणि आरोग्य राखण्यासाठी दिलेल्या एकदिवसीय परवान्यांची संख्या. आणि एक ठराव करावा, की आडव्या बाटलीचा निकाल यादीवर नव्हे, पडलेल्या मतांवर लागावा. दिवाळीत चार बाटल्यांतला सूक्ष्म फरक ओळखणाऱ्या सुशिक्षित मुलांपैकी एखाद्याने तो ठराव शुद्ध मराठीत लिहून दिला, तरी पुष्कळ झाले.