गेलेल्या डोळ्याचा हिस्सेदार कोण?



पऱ्हाटी उपटताना खुंट डोळ्यात जातो. मळणी यंत्रात ज्वारीच्या कणसासोबत हात जातो. आपल्याकडे यात नवे काही नाही. दुसऱ्याच आठवड्यात दारात उभा राहणारा पाहुणाही नवा नाही. "काकाजी, काळजी नका करू. आधी एक पैसा नको. पैसे आले की निम्मे तुमचे, निम्मे आमचे."

हात तुमचा, हिस्सा त्याचा! कापसाच्या गाडीवर अडत, हमाली, तोलाई कापली जाते ती कमी पडली म्हणून आता हाडामासावरही अडत.

हा हिस्सा बेकायदा आहे. निकालावर अवलंबून फी ठरवू नये, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. अशिलाशी निम्म्या वसुलीचा करार करणाऱ्या वरिष्ठ वकिलाला सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच दोषी धरले. मोटार अपघाताच्या भरपाईतून टक्केवारी मागण्याचा प्रकार २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा चुकीचा ठरवला. अमेरिकेत अपंगांच्या दाव्यात वकिलाला थकबाकीच्या २५ टक्क्यांपर्यंत घेता येते, पण तिथे कायद्यानेच वर मर्यादा घातली आहे. इथे टक्काच नाही. ठरलेली फी घेऊन पावती देणाऱ्या वकिलाशी आपले भांडण नाही. आणि फीसाठी कागद अडवून ठेवण्याचा हक्क कोणत्याच वकिलाला नाही, हे न्यायालयाने २००० साली सांगितले आहे.

वकील लागतो का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. अर्जाला लागत नाही. गोपीनाथ मुंडे योजनेत अपघाती मृत्यूला, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख मिळतात. खातेदारासोबत घरातील आणखी एकाला लाभ आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही ३० दिवसांत. दवाखान्याच्या धावपळीत हीच मुदत हातची जाते, म्हणून पंचनामा आणि सातबारा त्याच आठवड्यात गोळा करा.

कोर्टाची वेळ आलीच, तर अपंगाला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांनाही हाच हक्क आहे. नागपुरात जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. दारातला पाहुणा हे कधी सांगणार नाही.

आता सरकारची चलाखी पाहा. आधी विमा होता. हप्ता सरकार भरी, कंपनी दावा नाकारी. पण शेतकऱ्याला ग्राहक मंचात जाता येई, तेही वकिलाशिवाय. एप्रिल २०२३ मध्ये विमा गेला आणि 'सानुग्रह अनुदान' आले. कंपनीचा जाच संपला, बरे झाले. पण सानुग्रह म्हणजे कृपा! हक्क नाकारला तर दावा ठोकता येतो, कृपा नाकारली तर काय ठोकणार? फार तर हायकोर्टात रिट, म्हणजे पुन्हा वकील.

दरमहाच्या मदतीचेही तेच. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १५०० वरून २५०० झाले. त्याला ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला तर मेडिकलचा डॉक्टर नियमाने ३० टक्केच लिहितो. म्हणजे एका डोळ्याने फवारणी करा, डवरणी करा, बैल हाका, सरकारच्या लेखी तुम्ही धडधाकट! ज्याने हा तक्ता केला त्याने एक डोळा बांधून एक दिवस वेचणी करून दाखवावी.

अपघाताची रक्कम कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून कायद्यात आली पाहिजे. मुदत चुकली एवढ्याने अर्ज फेकता कामा नये. शेतात डोळा गमावलेल्याला ४० टक्क्यांची अट नको.

पुढच्या बैठकीला येताना नाकारलेल्या अर्जांच्या प्रती आणा. टक्केवारीच्या कागदावर ज्यांची सही किंवा अंगठा घेतला आहे त्यांनी तो कागदही आणावा. त्याची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे बैठकीतच लिहू.