आपल्या रानाचा पाचोळा आणि समुद्रतळाचा बर्फ

फाल्गुनात गळलेले सागाचे पान बहुधा जागीच कुजते. थोडा पाचोळा मात्र पावसाळ्यात नाल्याला लागतो. चंद्रपूरकडचा वर्धेत जातो, गडचिरोलीकडचा वैनगंगेत. चपराळ्याला दोघींची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते आणि त्यातला काही गाळ बंगालच्या उपसागरात उतरतो.

या प्रवासाचा पुरावा आहे. 2006 साली राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा समुद्रतळ खोदला. गोदावरीच्या मुखासमोरच्या गाळात पानांवरच्या मेणाचे अंश मिळाले. त्यांवरून संशोधकांनी 2012 मध्ये या नदीखोऱ्यातील हजारो वर्षांच्या पावसाचा आणि कोरडेपणाचा इतिहास मांडला.

त्याच मोहिमेत सुमारे एक किलोमीटर पाण्याखाली, शंभर मीटरहून जाड गाळात हायड्रेट सापडले. गाळातला पालापाचोळा आणि इतर जैविक अंश कुजवून सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. थंडी आणि प्रचंड दाब यांमुळे तो पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकतो आणि बर्फासारखा घट्ट होतो. एक घनमीटर हायड्रेट वितळले, तर 160 घनमीटरहून अधिक वायू मोकळा होतो. त्या साठ्यात आपल्या रानाचाही अंश असणार.

समुद्र तापतो आहे. मग हा मिथेन एकाएकी उसळून वर येईल का? खोल समुद्रात सुटलेला बहुतेक मिथेन वाटेतच जिवाणू खाऊन टाकतात. असा मोठा उद्रेक येत्या काही शतकांत होण्याची शक्यता फारच कमी आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा (आयपीसीसी) 2021चा अहवाल सांगतो. म्हणूनच तो बर्फ इंधनासाठी उपसण्याच्या प्रयत्नांना माझा विरोध आहे. जे तळाशी शांत आहे, ते तिथेच राहू द्यावे.

चिंता करायची ती उशाशी असलेल्या मिथेनची. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरतो. पण हवेत तो साधारण बारा वर्षेच टिकतो. आज आवरला, तर फळ आपल्याच हयातीत दिसेल. कोळशाच्या थरात अडकलेला मिथेन खाण उघडली की सुटतो. शहराच्या कचऱ्याच्या ढिगातून आणि पाणी साचलेल्या धानाच्या बांधीतूनही तो निघतो.

या तिन्ही स्रोतांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. बांधी अधूनमधून कोरडी होऊ दिली तर मिथेन घटतो. पण हवे तेव्हा पाणी मिळण्याची खात्री असल्याशिवाय गडचिरोलीचा शेतकरी भरलेली बांधी सोडेल कशी? त्याला आधी सिंचन द्या, मग सल्ला द्या. सुरुवात खाणीपासून व्हावी: चंद्रपूरच्या प्रत्येक कोळसा खाणीतून सुटणारा मिथेन मोजा आणि तो आकडा दरवर्षी चंद्रपूरकरांसमोर ठेवा.