प्रकल्प गावच्या पाण्याचा असावा

उन्हाळी विज्ञान शिबिराचा समारोप ठरलेला असतो. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी फसफसतो, टाळ्या पडतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. मुलांची मेहनत खरी असते. पण त्या प्रयोगाचे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते.

मुखेडसारख्या तालुक्यात उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न दारातच आहे : आपल्या बोअरचे पाणी कसे आहे? नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. लहान वयात जास्त फ्लोराइड पोटात गेले, की दातांवर कायमचे डाग पडतात. वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास सांधेही आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते.

प्राथमिक तपासणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. त्यांच्यासोबत मुलांनी बोअरनिहाय नोंदी कराव्यात. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदही १० ते १७ वयाच्या मुलांकडून स्थानिक प्रश्नांवरचेच काम मागते.

समारोपाला पाहुण्यांबरोबर सरपंच आणि ग्रामसेवकही हवेत. शंकास्पद नमुना त्यांनी प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल मुलांना दाखवावा. आपण मोजलेल्या आकड्याची दखल घेतली जाते, हे मुलांना कळले तर शिबिर सार्थकी लागले.