‘आपलोच झील’ की गद्दार? माफी द्यायचा अधिकार कोणाचा

गेल्या महिन्यात मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत, विहारात बैठक झाली. विषय एकच होता. स्मशानाच्या वाटेसाठी चार वर्षं वाडी भांडत होती. ऐन वेळी आमच्याच एका कार्यकर्त्याने अर्जावरची सही मागे घेतली, अर्ज बारगळला आणि पुढच्याच निवडणुकीत हा गडी दुसऱ्यांच्या स्टेजवर हार घालून बसलेला दिसला. आता तिथे कोणी विचारत नाही म्हणून परत आलाय. जुनी माणसं म्हणाली, "जाऊ दे, आपलोच झील आसा." पोरांनी एका शब्दात निकाल दिला, गद्दार.

त्यातच बारावीतला एक पोरगा उठून म्हणाला, "दादा, ॲव्हेंजर्समध्ये तर सगळ्यांना परत घेतात. आपण का नाही?"

सगळे हसले, पण आम्हाला हसू आलं नाही. पोराचं म्हणणं खरं आहे. 1965 साली त्या कॉमिकच्या सोळाव्या अंकात कॅप्टन अमेरिकाची नवी टीम उभी राहिली. त्यात हॉकआय, क्विकसिल्वर आणि स्कार्लेट विच हे तिघेही त्याआधी शत्रूच्या बाजूला होते. तेव्हा टीम माफ करते, हे बरोबर. पण त्याच कंपनीच्या दोन गोष्टी त्या पोराने वाचलेल्या नसाव्यात.

पहिली 1980 ची. एक्स-मेनमधली जीन ग्रे शक्तीच्या नशेत एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरची पाच अब्ज वस्ती मरते. तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला जिवंत ठेवायचं, असा शेवट आधी ठरला होता. मुख्य संपादक जिम शूटर यांनी तो नाकारला. एवढी माणसं मारून ही घरी जाणार? शेवट बदलला आणि जीन मेली. लाडक्या पात्राला माफ करायला लेखक तयार होते, मेलेल्यांची बाजू मांडायला संपादक उभा राहिला. आमच्या बैठकीत त्या संपादकाच्या खुर्चीवर कोणीच नव्हतं. ज्यांचं प्रेत चिखलातून न्यावं लागलं त्या घरातल्या बाईला बैठकीला बोलावलंच नव्हतं!

दुसरी 1981 ची. ॲव्हेंजर्सचा संस्थापक सदस्य हँक पिम याच्यावर टीमने चौकशी बसवली, आणि त्याच अंकात त्याने बायकोवर, जॅनेटवर हात उचलला. संस्थापक म्हणून त्याला सूट मिळाली नाही.

आता आपल्या घरात येऊ. 29 मे 1972 ला दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं. (त्याच नावाचा कॉमिकमधला नायक पक्षाच्या काही महिने आधी, 1966 मध्येच छापून आला होता, हा योगायोग पोरांना फार आवडतो.) नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. यापेक्षा तगडी टीम महाराष्ट्राने पाहिलेली नाही, असं आमचं मत आहे. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या दंगलीच्या दिवसांत भागवत जाधव शहीद झाले. त्याच वर्षी संघटना फुटली. भांडण कशावरून? जाहीरनाम्यात मार्क्स किती आणि बुद्ध किती, यावरून. 1977 मध्ये ढाले आणि पवार यांनी संघटना बरखास्तच केली.

पुढे ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला, नंतर शिवसेनेशी जवळीक केली, ‘सामना’त सदर लिहिलं. 1984 मध्ये मल्लिका अमर शेख यांनी आत्मकथनात घरातली हिंसा उघड लिहिली. तेव्हा चळवळीने काय केलं? पुस्तक चवीने वाचलं आणि म्हटलं, माणूस मोठा, कवी मोठा, सोडा. कवी मोठाच होता, ‘गोलपिठा’ आम्हीही छातीशी धरून फिरलोय. पण हिशेब बघा. मतभेदाला आपण गद्दारी ठरवलं आणि त्यावर संघटना मोडली. जिथे खरोखर कुणाला मार बसला होता, तिथे पांघरूण घातलं. हाकलणंही चुकलं आणि माफ करणंही चुकलं, कारण दोन्ही वेळा कोणी रीतसर चौकशी केली नाही.

रिपब्लिकन ऐक्याचंही तेच. 1998 ला गट एकत्र आले, चार खासदार निवडून गेले. आधी कोणी कोणाला का सोडलं होतं हे कोणी विचारलं नाही, म्हणून पुन्हा सोडताना कोणाला लाज वाटली नाही.

पोरांनो, याची रीत आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत सांगितलं की भिक्खू संघांना ठराव, गणसंख्या, मतदान, निंदाव्यंजक ठराव, सगळं माहीत होतं. विनयात चार अपराध असे आहेत की केले तर परतीची वाट नाही. त्याखालच्या मोठ्या अपराधाला वाट आहे, पण ती सोपी नाही. आधी कबुली, मग ठरलेले दिवस प्रायश्चित्त, आणि परत घ्यायला किमान वीस भिक्खूंचा संघ समोर हवा. एकटा थेर पाठीवर हात ठेवून ‘ये बाळा’ म्हणू शकत नाही. आणि ज्याचं नाव उठताबसता घेतलं जातं त्या अंगुलिमालाला संघाने घेतलं खरं, पण भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले. रक्ताळून आलेल्या अंगुलिमालाला बुद्ध म्हणाले, सहन कर. लोकांना आवरायला ते गावात गेले नाहीत.

आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना हे पटत नाही. "कोर्ट मांडतास काय?" असं एका आजोबांनी विचारलं. होय आजोबा, मांडतो. पोरांनाही पटत नाही, कारण त्यांना वाट बंदच हवी आहे. वीस घरांच्या वाडीत एक माणूस कायमचा बाहेर टाकून आपण कोणाचं काम सोपं करतो, हे त्यांनी स्वतःलाच विचारावं.

वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. माझ्यात जे दोष दिसले, ऐकले किंवा शंका आली ते सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. येत्या आश्विन पौर्णिमेला विहारात तशीच सभा ठेवली आहे. आधी मंडळाचे पदाधिकारी बसतील, त्यात आम्हीही आलो. सही मागे घेतली तेव्हा चार दिवस आम्ही गप्प होतो, त्याचा जाब आहेच. नंतर तो बसेल, आणि सही कोणाच्या सांगण्यावरून व कशाच्या बदल्यात मागे घेतली ते सगळ्यांसमोर सांगेल. अर्ज नव्याने करायचा आहे, त्यावर पहिली सही त्याची, आणि तालुक्याच्या फेऱ्याही त्यानेच मारायच्या. त्याला परत घ्यायचं की नाही, यावर पहिलं बोलणं त्या बाईचं. निरोप द्यायला आम्ही स्वतः गेलो होतो. "येतंय," एवढंच म्हणाली, आणि मासे साफ करत राहिली.