इंदूरचे खत आणि इंदूरची जमीन

शहराच्या नावाने ओळखली जाणारी वस्त्रे वा मिठाया अनेक आहेत. परंतु खताच्या रीतीला एखाद्या शहराचे नाव मिळावे, हा मान इंदूरला लाभला. होळकर दरबाराने भाडेपट्ट्याने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर 1924 साली येथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली आणि सर आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. शेतातला काडीकचरा, गुरांच्या पायांखालची मूत्राने भिजलेली माती, शेण आणि राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ठरल्या मुदतीने ते तीनदा पालटावयाचे आणि तीन महिन्यांत उत्तम खत तयार करावयाचे, ही ती ‘इंदूर पद्धत’. 1931 साली तिच्यावर जो ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. कृषिरसायनाचे काम सांभाळणारे हे सहकारी आपल्यापैकी कितीजणांस आठवतात?

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. 2022 च्या फेब्रुवारीत इंदुरात दररोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. शहराने त्याचा अभिमान बाळगला, आणि तो योग्यच होता. पण त्याच वर्षी, त्या जुन्या संस्थेचा वारसा चालविणाऱ्या शेतकी महाविद्यालयाची जमीन नगरवनासाठी घेण्याची योजना पुढे आली आणि विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले.

कोणी म्हणेल, झाडेच लावावयाची आहेत ना, मग बिघडले कोठे? शहराला सावली हवी, हे कबूल. परंतु झाडे दुसरीकडेही लागतात. प्रयोगाचे शेत मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कोणत्या वाफ्यात कोणत्या साली काय पेरले, काय घातले आणि काय पिकले, याची वर्षानुवर्षांची नोंद हीच त्या जमिनीची खरी किंमत होय.

याची साक्ष शेजारच्या निमाडातच मिळते. खरगोन जिल्ह्यात स्विस संशोधकांनी स्थानिक सहकाऱ्यांसह 2007 पासून सेंद्रिय व रासायनिक शेतीची शेजारी शेजारी तुलना चालविली आहे. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय वाफ्यांतील कापूस 29 टक्क्यांनी व गहू 27 टक्क्यांनी कमी आला. खर्च वजा जाता उरणारी प्राप्तीही रासायनिक शेतीतच 29 टक्के अधिक होती. प्रयोग तेथेच गुंडाळला असता तर निकाल लागल्यासारखा झाला असता. पण 2009-10 या पुढच्या दोन वर्षांत रासायनिक वाफ्यांचे पीक उतरले, कापूस-गव्हात फारसा फरक राहिला नाही, आणि खर्च कमी असल्याने सेंद्रिय शेतीची प्राप्ती 25 टक्क्यांनी वरचढ ठरली. त्याच काळात सेंद्रिय सोयाबीन मात्र 11 टक्क्यांनी मागे होते, हेही सांगितले पाहिजे. चार वर्षांचा हिशेब म्हणजे अखेरचा निवाडा नव्हे. म्हणून तर प्रयोग लांब चालावा लागतो.

माळव्याच्या काळ्या मातीचा कस टिकतो की घटतो, हे व्याख्यानांनी ठरणार नाही. त्यासाठी संशोधकाला दोन गोष्टी हव्यात: हक्काची जमीन आणि भरपूर काळ. शहरे वाढतात तेव्हा मोकळी दिसणारी जमीन सर्वांच्या डोळ्यांत भरते. पण प्रयोगाची जमीन मोकळी नसते, ती कामात गुंतलेली असते. तेव्हा महाविद्यालयाचे प्रयोगक्षेत्र कायम राहील अशी लेखी हमी शासनाने द्यावी आणि इंदूरकरांनी ती मागावी. दरबाराने एकेकाळी दाखविलेली दूरदृष्टी लोकराज्यात कमी पडू नये, एवढेच म्हणणे.