पाटा वाढवला, शॉकअपचे काय?

पिकअपचा पाटा मोडला की गाडी त्याच दिवशी गॅरेजला जाते. शॉकअप गळून वर्ष होते, तरी कोणी वाकून बघत नाही. ‘गाडी चालते ना, मग बस!’ शेतकरी बंधूंनो, हा हिशेब महागात पडतो.

ओझे पाटा उचलतो. खड्ड्यात दबलेला पाटा पुन्हा उसळतो, ती उसळी मोडण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीचा जोर तिथे जिरतो. तेल गळाले की गाडी नाचते. चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय?

माल जास्त बसावा म्हणून जुन्या गाडीला एखादा पाटा वाढवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पण पाटा जितका ताठ, तितकी उसळी जोरदार. मेलेल्या शॉकअपवर जादा पाटा म्हणजे दुखणे दुप्पट. शिवाय २०१९ च्या कायदा दुरुस्तीपासून जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत, ते वेगळेच. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो नेणाऱ्याने खालचा क्रेट उघडून बघावा. टोमॅटो चेपतो, द्राक्षाचे मणी घडातून सुटतात, व्यापारी भाव पाडतो. शॉकअपचे वाचवलेले पैसे असे बाजारात जातात.

ओळखायचे कसे? पुढचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा हलली तर शॉकअप संपला. मागचे पाटे ताठ असल्याने तिथे ही परीक्षा नीट होत नाही. तिथे नळीवर तेलाचा ओघळ आणि फाटलेले रबरी बुश बघा. टायरवरून हात फिरवा. जागोजागी खोलगट चट्टे लागले तर समजून जा.

बदलताना एकच बदलू नका. एका ॲक्सलचे दोन्ही बदला. नाहीतर गाडी एका अंगाला धड, दुसऱ्या अंगाला लंगडी. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल सोडावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. घोडी लावावी आणि चाकाला ठोकळा द्यावा. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबून मगच बसवावा. नटांची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी राहिल्यावर करावी.

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागते. तेव्हाची धावपळ करण्यापेक्षा हंगामाआधीच हे काम उरकावे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चाक सावकाश चढते-उतरते. गावात रातोरात घातलेला अरुंद, उभा उंचवटा शॉकअप खातो, माल नासवतो आणि दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणीचेही हाल करतो. तो आधी टेप लावून मोजा. शेतकऱ्याने शॉकअप बदलावा, पंचायतीने गतिरोधक सुधारावा. दोघांनी आपापले केले तरच माल धड पोचेल.