मोसंबीच्या सालीला टॉनिकची घाई नको

उन्हाळ्यात धाराशिवच्या रसाच्या गाड्यांवर संध्याकाळपर्यंत मोसंबीच्या सालींनी पोती भरतात. थोडं जनावरं खातात, बाकी घंटागाडीत जातं. रस काढला की फळाचं जवळपास निम्मं वजन असं बाहेर पडतं. माझं मेडिकल दुकान आहे, त्यामुळे ती पोती बघितली की मला रॅकवरची मूळव्याधीची गोळी आठवते. डायोस्मिन 450 मिलिग्रॅम, हेस्पेरिडिन 50. हेस्पेरिडिन सालीखालच्या पांढऱ्या, कडवट भागात भरपूर असतं आणि डायोस्मिनही त्यापासूनच तयार करता येतं. म्हणजे आपण घंटागाडीत टाकतो तो औषधाचा कच्चा माल आहे.

आता हीच साल मेंदूलाही चांगली, असं बोललं जातंय. त्यात तथ्य आहे, पण किती ते बघा. 2015 मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाचा एक अभ्यास आला. 37 निरोगी वयस्करांना आठ आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला. फ्लॅव्हॅनोन, म्हणजे हेस्पेरिडिन ज्या गटातलं आहे ते घटक, जास्त असलेल्या रसानं बुद्धीच्या चाचण्यांत फायदा दिसला. पण माणसं अवघी 37, त्यात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण एकही नाही, आणि प्यायले ते रस, सालीचा अर्क नव्हे. सालीतल्याच नोबिलेटिन या दुसऱ्या घटकाचे आशादायक निष्कर्ष तर बहुतेक उंदरांवरचे.

कळंब-वाशीकडून कुणीतरी येतं नि म्हणतं, "भाऊ, आईला सकाळचं जेवल्यालं आठवंना, एखादं टॉनिक द्या की." मी बाटली काढत नाही. डॉक्टरांना दाखवा, बी-12 आणि थायरॉईड तपासून घ्या, म्हणतो. बी-12 कमी पडलं किंवा थायरॉईड बिघडलं तरीही विसर पडतो, आणि तो उपचारानं सुधारू शकतो. लोकांना हे पटत नाही. बाटली नाही दिली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

टॉनिक नको, पण साल वाया जाऊ नये हेही खरं. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्यात फळ आहे, आमच्या गावात विद्यापीठाचा उपपरिसर आहे. मग सालीतून तेल, पेक्टिन, हेस्पेरिडिन काढायचं काम इथंच व्हायला काय हरकत? गाडीवरची साल मात्र चालणार नाही, ती दुसऱ्या दिवशीच आंबते. रस कारखान्यातून ताजी उचलावी लागेल, आणि फवारणीचा अंश आधी तपासावा लागेल, कारण तो बहुतांशी सालीवरच राहतो.

आणि कुणाला त्या अर्काच्या बाटलीवर मेंदूचं चित्र छापायचंच असेल, तर आधी इथल्या साठीपुढच्या माणसांवर रीतसर चाचणी करून दाखवावी. तोवर माझ्या काउंटरवर ती बाटली लागणार नाही.